निघालेला रूळ

पुण्याच्या आसपास एखाद्या जुन्या रेल्वे फाटकाशी थांबलं, की समोर रस्त्यावर आडवी कमान दिसते. विजेच्या तारेखालून फार उंच माल भरलेला ट्रक जाऊ नये म्हणून ती ४.६७ मीटर उंचीवर बांधलेली असते. रेल्वेची माणसं तिला हाइट गेज म्हणतात. तिचे खांब पुष्कळदा जुन्या रुळांचे असतात. रंगाचे कितीही थर चढले असले तरी रुळाच्या उभ्या पाटावर बोट फिरवलं की उठावाची अक्षरं हाताला लागतात. मीटरमागे वजन, पोलादाची प्रत, कारखान्याचं नाव, रोमन आकड्यात महिना आणि वर्ष. रूळ लाटताना उमटलेला हा जन्मदाखला रूळ झिजला तरी पुसला जात नाही, कारण चाक फिरतं डोक्यावर आणि अक्षरं असतात कमरेवर.

हा खांब एकेकाळी मुख्य मार्गावर मेल गाड्या पेलत असेल. तिथून निघाल्यावर स्टेशनातल्या एखाद्या बाजूच्या लूप लाइनीत गेला असेल, मग मालधक्क्याच्या सायडिंगला, आणि तिथेही नकोसा झाल्यावर फाटकाशी उभा राहिला असेल. या प्रवासाला आज चक्रीय अर्थव्यवस्था असं भारदस्त नाव मिळालं आहे. पण ते नाव घेताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: भंगार गोळा करायचं, भट्टीत टाकायचं, नवं पोलाद करायचं. ते चांगलंच आहे. जागतिक पोलाद उद्योगाच्या हिशोबाने एक टन भंगार वापरलं की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. तरीही रेल्वेच्या बाबतीत वितळवणं ही शेवटची पायरी आहे. जो रूळ अजून रूळ म्हणून पंधरा-वीस वर्षं जगू शकतो त्याला भट्टीत घालणं म्हणजे चांगल्या साडीची पायपुसणी करणं. आणि कुठली वस्तू कुठल्या पायरीवर थांबेल हे भंगाराच्या लिलावात ठरत नाही. ती मार्गातून निघते त्या दिवशी, बहुतेक वेळा त्या पहिल्या तासातच ठरतं.

आकडे मोठे आहेत म्हणून हा तास महत्त्वाचा. मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळाचा एक किलोमीटर मार्ग धरा. दोन्ही बाजूंचे मिळून १२० टन पोलाद. किलोमीटरला रुळाखालचे आडवे १६६० स्लीपर, नेहमीचा काँक्रीटचा स्लीपर सुमारे २६७ किलोचा, म्हणजे ४४० टनांहून जास्त काँक्रीट. प्रत्येक स्लीपरला रूळ जखडणाऱ्या चार क्लिपा, क्लिप आणि रूळ यांच्यामध्ये बसणारे चार लायनर आणि रुळाखालचे दोन रबरी पॅड, म्हणजे ६६४० क्लिपा, तेवढेच लायनर आणि ३३२० पॅड. खाली दोन हजार घनमीटरच्या आसपास खडी. हा एका किलोमीटरचा, तोही एकेरी मार्गाचा हिशोब.

रूळ कधी बदलायचा याचे नियम पक्के आहेत. ९० यूटीएस (ताण सोसायच्या ताकदीवरून ठरलेली प्रत) पोलादाच्या ६० किलोच्या रुळावरून ८०० जीएमटी, म्हणजे ८०० दशलक्ष टन वाहतूक गेली की त्याचं आयुष्य भरलं असं धरतात. ५२ किलोच्या रुळाला ही मर्यादा ५२५ जीएमटी. उभी झीज ६० किलोच्या रुळाला १३ मिलिमीटर, ५२ किलोच्याला ८. वळणावर मात्र उंचीपेक्षा कड आधी जाते. बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला चाकाची कड सतत घासते आणि महत्त्वाच्या मार्गांवर ८ मिलिमीटर बाजूची झीज झाली की रूळ हलवावा लागतो. बोरघाटासारख्या वळणावळणाच्या मार्गावर हे लवकर होतं. पण नीट पाहिलं तर त्या रुळाची एकच कड गेलेली असते, दुसरी जवळजवळ कोरी असते. म्हणून आतला रूळ बाहेर आणि बाहेरचा आत अशी अदलाबदल करतात, म्हणजे न वापरलेली कड चाकाकडे येते. नवं पोलाद एक किलोही न आणता वळणाचं आयुष्य वाढतं. अट एवढीच, की आतल्या रुळाचं डोकं जड मालगाड्यांनी चपटं केलेलं नसावं आणि दोन्ही रुळांच्या उंचीतला फरक मोजून घेतलेला असावा. आणि वळणावर वंगणाचं यंत्र रोज चालू राहिलं तर ही वेळच उशिरा येते. ग्रीसचा डबा रिकामा राहिला की त्याचा हिशोब रुळाच्या कडेवर निघतो.

आता तो पहिला तास. मार्गनूतनीकरण ब्लॉकमध्ये होतं. दोन-तीन तास गाड्या बंद, तेवढ्यात जुने रूळ बाहेर, नवे आत. आजचे रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात, त्यामुळे काढलेला रूळ हलवायचा तर तुकडे करावे लागतात. हाताशी गॅसकटर असतो आणि तो पटकन कापतो. इथेच घात होतो. रुळाच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के असतो. ज्योतीने तापलेली कड भोवतालच्या थंड पोलादामुळे झपाट्याने निवते आणि काचेसारखी कडक होते. तिच्यात केसाएवढ्या भेगा पडतात. अशा टोकाला वेल्ड केलं किंवा बोल्टाचं भोक पाडलं तर भेग तिथूनच धावते. म्हणून गॅसने कापलेलं टोक मार्गात चालत नाही. डिस्कच्या करवतीने कापलेला रूळ दुसऱ्या मार्गाला उपयोगी पडतो, गॅसने कापलेला खांब होतो नाहीतर भंगार.

दुसरा घात उचलताना होतो. क्रेन नाही म्हणून रूळ एका टोकाला साखळी बांधून ओढला, वाघिणीतून खाली ढकलला, की तो आडवा वाकतो. थोडा बाक प्रेसवर काढता येतो, मोठा बाक आणि पीळ मात्र पुरता जात नाही.

वाचलेल्या रुळाला पुन्हा मार्गात घालण्याआधी चार गोष्टी होतात. आधी अल्ट्रासॉनिक तपासणी, कारण आतली भेग डोळ्याला दिसत नाही. मग टोकं छाटतात. जुन्या फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ बोल्टांनी जोडणाऱ्या पट्टीच्या, जोडावर बोल्टांच्या भोकांभोवती चांदणीसारख्या भेगा असतात आणि डोकं चेपलेलं असतं, तेवढा भाग काढला की उरलेला रूळ निरोगी. मग पाया बघायचा. लायनर बसतो तिथे गंजाचे खड्डे पडलेले असतात, आणि नव्या जागी घालताना रूळ थोडा पुढेमागे सरकवला तर ते खड्डे लायनरखाली येत नाहीत. शेवटी झीज मोजून सारख्या झिजेचे रूळ शेजारी लावायचे. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त चुकतं. दोन मिलिमीटर झिजलेल्याला सहा मिलिमीटर झिजलेला जोडला की जोडावर पायरी पडते, प्रत्येक चाक तिथे आपटतं, खालची खडी मोडते, स्लीपर डुगडुगतो. मग दोष 'जुन्या मालाला' दिला जातो. खरं तर तो जोडीचा दोष असतो.

गंजाचं आणखी एक कारण वर्षानुवर्षं डब्यांखालूनच टपकत होतं. शौचालयं थेट मार्गावर उघडायची, आणि तो क्षार रुळाचा पाया, क्लिप आणि लायनर खात होता. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्ये सुरक्षेच्या अहवालात याकडे स्पष्ट बोट दाखवलं. डीआरडीओच्या तंत्राची जैवशौचालयं आली त्याची चर्चा स्वच्छता म्हणून झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पोलादाच्या बचतीच्या यादीतही त्यांचं नाव फार वर लागलं पाहिजे. गंजून जाम झालेली क्लिप काढायला घण मारावा लागतो आणि घणाने स्लीपरच्या काँक्रीटची कड उडते. एका गंजाने तीन वस्तू जायच्या.

सांध्यांमध्ये, म्हणजे एक मार्ग दुसऱ्यातून फुटतो तिथे, सगळ्यात मौल्यवान वस्तू असते ती क्रॉसिंग. जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाला क्षणभर आधार नसतो आणि ते क्रॉसिंगच्या टोकदार नाकावर आपटतं. म्हणून ही क्रॉसिंग ओतीव मँगेनीज पोलादाची करतात, त्यात मँगेनीज १२ टक्क्यांच्या आसपास असतं. या धातूचा स्वभाव वेगळा. नवी असताना ती तुलनेने मऊ असते आणि चाकांचे तडाखे खाऊन वरचा थर कडक होत जातो. चुंबक तिला धरत नाही. नाकाची झीज १० मिलिमीटरपर्यंत चालते, पण मार्गाची देखभाल बघणारा शहाणा पी-वे इन्स्पेक्टर ८ मिलिमीटरलाच ती दुरुस्तीला घेतो. वेल्डिंगने धातू भरायचा आणि घासून मूळ आकार आणायचा.

साध्या रुळाला वेल्ड करण्याआधी तापवतात. या क्रॉसिंगला तापू द्यायचं नसतं. ती गरम राहिली की कणांच्या सीमेवर कार्बाइड साठतं आणि तोच चिवट धातू ठिसूळ होतो. म्हणून लहान लहान टाके घालायचे, एक इथे, दुसरा लांब तिथे, प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकायचा, आणि भोवतालचा धातू १५० अंशांच्या वर गेला की थांबायचं. भरण्याआधी वरचा कडक झालेला, बारीक चिरा पडलेला थर पूर्ण घासून काढावा लागतो. घाईत त्याच्यावरच धातू भरला तर काही आठवड्यांत पापुद्रा सुटतो. एवढं पथ्य पाळलं की क्रॉसिंग पुन्हा मार्गात जाते. आणि शेवटी भंगारात जायची वेळ आलीच तरी तिला साध्या लोखंडात मिसळू नये, कारण त्या ढिगात तिच्या मँगेनीजची किंमत शून्य होते. खिशातलं छोटं चुंबक हा फरक दोन सेकंदांत सांगतं.

खडीबद्दल फार कमी बोललं जातं. पुण्याच्या मार्गाखालची खडी म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बसाल्ट. वाघोली, मोशीच्या बाजूला डोंगर कसे कापले गेले आहेत ते पुणेकराला सांगायला नको. रेल्वेच्या खडीचा आकार २० ते ६५ मिलिमीटर, घासाची झीज ३० टक्क्यांच्या आत आणि आघाताची २० टक्क्यांच्या आत असावी लागते. ही खडी वाया जात नाही, मळते. पावसाचा चिखल, मालगाड्यांतून सांडलेला भुसा आणि सिमेंट, ब्रेकची धूळ, आणि स्लीपरखाली खडी ठोकून बसवणाऱ्या टँपिंग यंत्राच्या दातांनी मोडलेल्या तिच्याच कडांची पूड. पोकळ्या भरल्या की पाणी तुंबतं, आणि पाण्यात बसलेला स्लीपर प्रत्येक चाकाखाली चिखल वर पंप करतो.

साधारण दहा वर्षांनी किंवा ५०० जीएमटीनंतर खोल चाळणी करतात. बॅलस्ट क्लीनिंग मशीन स्लीपरखालून साखळीने खडी उपसतं, चाळतं, चांगली खडी परत टाकतं आणि माती बाजूला फेकतं. परत किती येईल हे मातीपेक्षा हंगामावर ठरतं. ओल्या चिखलात चाळणीची जाळी बुजते, चांगली खडीही मातीबरोबर बाहेर जाते. म्हणून घाट आणि मावळच्या पट्ट्यात हे काम मार्च ते मेमध्येच उरकायला हवं. आणि फेकलेली माती कडेच्या गटारावर पडून राहिली तर पहिल्याच पावसात ती परत खडीत येते. तिने कडेचा खचलेला भराव दुरुस्त करता येतो, फक्त उतार बाहेरच्या बाजूला राहिला पाहिजे. गोल झालेला दगड मात्र परत घालू नये. त्याला धार उरलेली नसते, दगड दगडात अडकत नाही, मार्ग सरकतो. तो काँक्रीटला किंवा रस्त्याच्या थराला चालतो.

स्लीपरची गोष्ट लवकर उरकते, कारण त्याचं दुसरं आयुष्य मर्यादित आहे. शाबूत निघाला तर सायडिंगला. कड फुटलेला असेल तर पायवाट, गटाराची भिंत, मालधक्क्याची फरशी. चुरा करून त्याची खडी करू नये, आघाताच्या कसोटीत ती टिकत नाही. आतल्या तणावाच्या तारांचे १८ संच मात्र उत्तम पोलाद आहे, ते वेगळं काढावं. रबरी पॅड आणि नायलॉनचे लायनर ब्लॉकनंतर कडेला पडलेले असतात आणि उन्हाळ्यात गवताबरोबर जळतात. एका किलोमीटरचे ३३२० पॅड जाळणं हा प्रदूषणाचा आणि आळसाचा एकत्र प्रकार आहे. ब्लॉकच्या डिप-लॉरीवर, म्हणजे रुळावरच्या ढकलगाडीवर, दोन रिकामी पोती ठेवली तरी हे थांबतं.

भंगाराची बाजारपेठ रेल्वेकडे आहे आणि ती चांगली चालते. ई-लिलावातून २०२०-२१ मध्ये भारतीय रेल्वेला साडेचार हजार कोटी रुपयांहून जास्त मिळाले. मध्य रेल्वेची शून्य भंगार मोहीमही चालू असते. आवार मोकळं होतं, चोरी थांबते, हे खरंच. पण ढीग लवकर हलवायच्या ओढीने जे वापरता आलं असतं तेही लॉटमध्ये जाऊ नये, आणि लॉट सरमिसळ होऊ नये. पुण्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही. 'कागद, काच, पत्रा' हे शब्द या शहराने कष्टकऱ्यांच्या संघटनेच्या नावातच बसवले आहेत; कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून तेच सांगते आहे, की वेगळं केलं तर माल, एकत्र केलं तर कचरा.

रेल्वेच्या लोखंडात सगळ्यात त्रासदायक मिसळ तांब्याची. केबलचे तुकडे, मोटरची गुंडाळी लोखंडात राहून भट्टीत गेली, की ते तांबं पुन्हा बाहेर काढता येत नाही. लोखंड आधी जळतं, तांबं मागे राहतं. असं पोलाद गरम लाटताना पृष्ठभागावर फाटतं. उलट, ज्याचं रसायन ठाऊक आहे असं भंगार वेगळं ठेवलं की सोनं. बेंगळुरूजवळ येलहंकाचा रेल्वे चाक कारखाना १९८४ पासून तेच करतो: रेल्वेचीच बाद चाकं आणि आस विजेच्या भट्टीत वितळवून नवी चाकं ओततो.

पण चाक तिथे पोचण्याआधी त्याला किती जगू दिलं? एलएचबी या नव्या बनावटीच्या प्रवासी डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं, ८४५ ला बाद. म्हणजे त्रिज्येत फक्त ३५ मिलिमीटर धातू हाताशी, आणि तो चाक फिरण्यापेक्षा चाकाला पुन्हा आकार देणाऱ्या लेथवर जास्त जातो. ब्रेक अडकून चाक घसरलं की सपाट चट्टा पडतो. ५० मिलिमीटर लांबीचा चट्टा म्हणजे हिशोबाने जेमतेम ०.७ मिलिमीटर खोल. पण त्याच्याखालचा धातू तापून निवून कडक झालेला असतो, म्हणून कितीतरी जास्त खोल कापावं लागतं. त्याच आसाचं दुसरं चाक, ज्याचा काही दोष नाही, तेही तेवढंच कापायचं, कारण दोघांच्या व्यासात ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आणि हे सगळं पुष्कळदा चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या एका सेन्सरची जोडणी सैल झाल्यामुळे. डबे खालून तपासायच्या पिटलाइनवर ती जोडणी हाताने हलवून पाहायला एक मिनिट लागतं.

लेथवर दुसरी उधळपट्टी चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या कडेपायी होते. पातळ झालेली कड पूर्ण जाडीची करायची तर सगळं चाक खाली उतरवावं लागतं. म्हणून मधल्या जाडीच्या प्रोफाइलला, म्हणजे चाकाच्या आकाराला, परवानगी आहे: कड नियमाच्या आत राहील एवढीच कापायची. ऑपरेटरकडे त्याचे टेम्प्लेट नसले की तो सवयीने पूर्ण प्रोफाइल कापतो आणि चाकाची वर्षं किसात पडतात.

डब्यांच्या बाबतीत उतरती वाट आधीपासून बरी आखलेली आहे. वीसेक वर्षं चाललेल्या जुन्या आयसीएफ बनावटीच्या प्रवासी डब्याच्या खिडक्या-दारं पत्र्याने बंद करून, टोकांना दरवाजे बसवून त्याची मोटारी वाहणारी एनएमजी वाघीण करतात. कारच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात तिला काम भरपूर. चुकतं ते एका ठिकाणी: शौचालयाखालचा आणि दाराजवळचा पत्रा आतून कुजलेला असतो, आणि वरून रंग मारून रूपांतर झालं तर दोन वर्षांत तळाच्या तुळईचं काम निघतं. फरशी उचलूनच बघावी.

पाण्याचं गणितही असंच. डबे धुतलेलं पाणी गाळ बसवून, तेलाचा तवंग काढून, गाळून पुन्हा धुण्याला वापरता येतं. पण फेऱ्यांगणिक क्षार वाढत जातात आणि काचांवर पांढरे डाग उमटतात. मग कुणीतरी वैतागून ताज्या पाण्याचा व्हॉल्व्ह कायमचा उघडतो. थोडं पाणी नियमित सोडून द्यायचं आणि शेवटचा हात तेवढा ताज्या पाण्याचा, एवढ्याने काम भागतं.

घाटात तर बचत उताराच्या रूपाने उभी आहे. लोणावळा ते कर्जत उतार ३७ ला १. हजार टनांची गाडी तिथे साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते, म्हणजे सुमारे १५०० युनिट ऊर्जा. ब्रेकने थांबवली तर ती सगळी ब्रेकच्या पॅडांत आणि चाकांत उष्णता होऊन जाते. विजेचं थ्री-फेज इंजिन ती मोटरमार्फत तारेत परत पाठवतं, आणि त्याच वेळी बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लावून घाट चढणारी गाडी ती घेते. यात वीज वाचते हे सगळे सांगतात. चाकाच्या त्या ३५ मिलिमीटरमधलंही काही वाचतं.

हे सगळं ठाऊक असूनही गॅसकटर का चालतो? कारण निविदेच्या दरपत्रकात पुष्कळदा 'रूळ कापणे' अशी एकच ओळ असते. गॅसने कापा नाहीतर डिस्कने, दर तोच. डिस्क झिजते, ती कंत्राटदाराला खिशातून आणावी लागते. वाचलेल्या रुळाची किंमत मात्र त्याच्या हिशोबात कुठेच येत नाही. ती ओळ दोन भागांत मोडता येते: मार्गात पुन्हा वापरायच्या रुळाचा डिस्कने काप, दर वेगळा, डिस्कसह, आणि भंगाराचा काप, दर कमी. सोबत ब्लॉकच्या आदल्या दिवशी पी-वे इन्स्पेक्टरने तपासणीचा अहवाल हातात घेऊन मार्गावर चालत जायचं आणि कुठे कापायचं तिथे रुळाच्या उभ्या पाटावर रंगाची रेघ मारायची, त्या उठावाच्या अक्षरांना धक्का न लावता. उद्या रात्री विजेरीच्या उजेडात कापणाऱ्याला दिसायला हवी ती एवढीच खूण.